चौदा नंबरचा सांधा

पडदा वर जातो तेव्हा समोर एकच टेबल दिसतं. स्वयंपाकघरातलं, चार खुर्च्यांचं, एक पाय आखूड म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी सारलेलं. मधोमध निळी चिकटपट्टी लावून त्या टेबलाचे दोन देश केले आहेत. डावा देश लेकीचा. ती सतरा वर्षांची, शाळेच्या शेवटच्या परीक्षेला बसलेली. उजवा देश आईचा. आई सत्तेचाळीस वर्षांची, तीही परीक्षेला बसलेली. मागे शेगडीपाशी बाप उभा आहे. दोन्ही देशांना चहा पुरवायचा आणि सीमेवर भांडण पेटलं की बाहेरच्या खोलीत पळायचं, एवढीच त्याची भूमिका. पण ती तो जीव ओतून करतो.

रविवारची दुपार. खिडकीतलं ऊन नेमकं आईच्या वहीवर पडलंय, वरून कुणी झोत टाकावा तसं. त्या झोतात आईचा हात थांबलाय. पेन कागदाला टेकलंय, पण चालत नाही.

"आई, शाई पसरतेय," लेक म्हणाली.

आईने पेन उचललं नाही.

ही बाई कोण, ते आधी सांगायला हवं. पूल, बॉयलर, मोठाल्या टाक्या यांत लोखंडाचे दोन तुकडे वेल्डिंगने जोडतात. त्या सांध्याच्या आत एखादी चीर राहून गेली आहे का, हे न फोडता बाहेरून ओळखणं हे हिचं काम. सांध्यावर जेली चोपडायची आणि तिच्यावरून काडेपेटीएवढा प्रोब फिरवायचा. तो लोखंडात आवाज सोडतो, माणसाच्या कानाला न कळणारा. आत काही असलं तर तो आवाज आपटून परत येतो आणि हातातल्या यंत्राच्या पडद्यावर टेकडीसारखा उठतो. पोटावर जेली, हातात पडदा! वेल्डर मंडळींनी पहिल्याच वर्षी तिचं नाव ठेवून टाकलं, सुईणबाई.

"काय सुईणबाई, मुलगा की मुलगी?"

"रिकामं आहे. घरी जा."

हा संवाद तिने चोवीस वर्षांत किती वेळा म्हटला असेल, गणती नाही. या धंद्यात रिकामं पोट हीच आनंदाची बातमी. ती ऐकली की वेल्डर हातमोजे काढायचा, सुईणबाई अहवाल लिहायची आणि खाली आपला गोल शिक्का मारायची. शिक्क्यावर तिचा नंबर होता, सात. प्रत्येक तपासनिसाचा शिक्का वेगळा. तो ज्याच्या हातात, त्याचाच शब्द लोखंडाच्या बाबतीत खरा.

मग या वयात परीक्षा कसली? त्याचं कारण एक दाढीवाला पोरगा. कंपनीत नवा लागला तेव्हा सुईणबाईच्या हाताखाली शिकायला होता. सारखा विचारायचा, "ताई, टेकडी इथेच का उठली?" ती म्हणायची, "असंच असतं." "पण का?" "अरे, असतं असंच!" चार दिवस तिने त्याला उडवून लावलं. पाचव्या दिवशी आंघोळ करताना तिला स्वतःच्याच तोंडचं ते 'असंच असतं' ऐकू आलं आणि लाज वाटली. कसं करायचं ते तिला डोळे मिटून येत होतं. का करायचं, ते ठाऊक नव्हतं.

बेचाळिसाव्या वर्षी तिने विद्यापीठात नाव घातलं. लोखंड कसं, कधी आणि का मोडतं, या विषयातली पदव्युत्तर पदवी. प्रबंध नाही, नुसते तास आणि नऊ पेपर, आणि ते सगळे पाच वर्षांच्या आत संपवायचे. आठवड्यातून दोन संध्याकाळी ती कामावरून थेट वर्गात जायची. बुटांना गंजाची धूळ, नखांत जेली. वर्गातली पोरं तेवीस-चोवीसची. पहिल्या दिवशी ती आत शिरली तर सगळी उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, बाईच शिकवायला आल्या. दोन महिन्यांत ती त्यांची काकू झाली. गणिताच्या तासाला काकू त्यांच्या तोंडाकडे बघायची आणि कारखान्यातलं काही निघालं की पोरं काकूच्या तोंडाकडे.

गणिताने तिचा घाम काढला. एका पेपरला ती दोनदा आपटली. एकदा सासूबाईंच्या आजारपणात अख्खं सत्र बुडालं. लेकच मग तिची मास्तरीण झाली. "आई, वजाचं चिन्ह खाल्लंस." "कुठे?" "दुसऱ्या ओळीत. पचलं पण बहुतेक." असं करत करत आठ पेपर सुटले. नववा राहिला. पाच वर्षांची मुदतही याच सत्राला संपत होती. आता चुकलं तर पुन्हा संधी नाही. आठही पेपर रद्दीत.

नववा पेपर वरवर सोपा. आपल्या नोकरीतला एक जुना तपासणी अहवाल घ्यायचा, अभ्यासक्रमात शिकलं ते सगळं लावून तो पुन्हा पारखायचा, लिहून द्यायचा आणि मग तोंडी परीक्षा. हा अहवाल वापरायला हरकत नाही, अशी मालकाची सही असलेला फॉर्म शुक्रवारी चारच्या आत कार्यालयात पोचायला हवा.

सुईणबाईने निवडला तो तिचा सगळ्यात लाडका अहवाल. बारा वर्षांपूर्वीचा, अख्ख्या पुलासाठी तिने पहिल्यांदा एकटीने सही केलेला. रुग्णालयापासून रस्त्यापलीकडच्या बसथांब्यापर्यंत जाणारा लोखंडी पादचारी पूल. अठ्ठावीस सांधे आणि अठ्ठावीस वेळा 'रिकामं आहे'.

अहवालाबरोबर तिने आपली त्या वर्षीची वही काढली होती. या बाईला एक खोड होती. ती वहीत सगळं लिहायची. किती वाजता, कुठे उभी होते, हवा कशी, जेली कुठल्या डब्यातली. दाढीवाला म्हणायचा, "ताई, शिंकलात तेही लिहा." तर त्या वहीत, त्या दुपारच्या पानावर, तिच्याच टपोऱ्या अक्षरात दोन ओळी होत्या:

'यंत्र जुळवलं, केबिनमध्ये. ठोकळा २१ अंश. बाहेर ऊन फार, पश्चिमेच्या बाजूचं लोखंड ४९ अंश.'

यंत्र जुळवायला एक लोखंडी ठोकळा असतो. त्याचं माप पक्कं माहीत असतं. आधी त्याच्यावर प्रोब ठेवून यंत्राला सांगायचं, बाबा रे, एवढं अंतर म्हणजे एवढं. मग ते खऱ्या सांध्यावर न्यायचं. नियम असा की ठोकळा आणि सांधा साधारण एकाच तापमानाचे हवेत. पण त्या दुपारी लोखंडाला हात लावला तर चटका बसत होता आणि केबिनमध्ये गार हवेचं यंत्र होतं. तिने ठोकळा आत टेबलावर ठेवून, खुर्चीत बसून, पाणी पीत यंत्र जुळवलं. सगळेच तेव्हा तसं करत. फॉर्मवर 'तापमान योग्य' पुढे खूण केली आणि बाहेर आली. नियम तिला पाठ होता. तो मोडला तर किती बिघडतं, हे मात्र बारा वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगितलं सहाव्या पेपरने. प्रोबचं प्लास्टिक तापलं की आवाज मंदावतो, त्याचा कोन सरकतो आणि यंत्र खोटं बोलायला लागतं. भोळेपणाने, पण खोटंच.

अठ्ठावीसपैकी सत्तावीस सांध्यांत काही टेकडीच नव्हती. फक्त चौदा नंबरला एक होती, पश्चिमेच्या बाजूला. यंत्राने ती जिथे दाखवली, तिथे सांध्याच्या पाठीला लावलेली आधाराची पट्टी होती. पट्टीचा आवाज येतो, तो निरुपद्रवी. म्हणून अहवालात लिहिलं होतं: 'पट्टीचा आवाज. दोष नाही.'

आता तिने हिशेब नव्याने मांडला होता. टेकडी तीन मिलिमीटर वर सरकत होती. पट्टीतून निघून थेट वेल्डिंगच्या मुळात. जिथून चिरा सुरू होतात तिथे.

"लेकी," ती म्हणाली, "हे एवढं तपास गं. कुठेतरी वजाचं चिन्ह खाल्लं असेल मी."

लेकीने चिकटपट्टीवरून वही ओढली. ओळीवर बोट ठेवून वरून खाली गेली. मग खालून वर आली. शेगडीवरचा चहा उतू गेला तरी बाप हलला नाही.

"नाही आई," ती म्हणाली. "बरोबर आहे."

*

"दुसरा अहवाल घेता येतो ना?" संध्याकाळी नवऱ्याने विचारलं. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. बोलायचा कमी.

"येतो की. टाकीचा आहे, बॉयलरचा आहे. चार दिवसांत लिहून होईल. कुणी विचारणार नाही."

"मग?"

"अहो, तुम्ही काच चुकीची घासलीत तर काय होतं?"

"काय व्हायचंय? गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी डोकं धरून दारात उभं."

"माझं गिऱ्हाईक दारात येत नाही हो."

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "उद्या साहेबांशी बोल," म्हणाला. "पण जेवून जा."

सोमवारी ती जेवून गेली. साहेब म्हणजे कंपनीचे मालक. साठीचे, भरदार, आवाज असा की शेवटच्या खुर्चीपर्यंत जावा. माणूस वाईट नव्हता. हिला शिकायला संध्याकाळची सुट्टी त्यांनीच दिली होती. फॉर्मवर सही करायला पेनाचं टोपण काढलं, अहवालाचा नंबर वाचला आणि ती काय सांगतेय ते ऐकून टोपण परत लावलं.

"बाई, बारा वर्षं पूल उभा आहे की नाही?"

"आहे."

"दर दोन वर्षांनी आपली माणसं बघून येतात की नाही?"

"डोळ्यांनी, साहेब. बाहेरून. प्रोब त्यानंतर कुणी लावलेला नाही. माझा शिक्का होता ना, म्हणून लावला नाही."

"पाच महिन्यांनी मोठी तपासणी आहेच. तेव्हा बघू."

"पाच महिने त्यावरून माणसं जातील."

"कागदावर तीन मिलिमीटर सरकलं म्हणून मी रुग्णालयाला कळवू? आमची बाई शाळेत जाते, तिला अभ्यासात शंका आली, म्हणून सांगू?" ते खुर्चीतून उठले. "दुसरा कुठलाही अहवाल आणा. आत्ता सही करतो. टाकीचा आणा, बॉयलरचा आणा, माझ्या घरच्या कुकरचा आणा!"

"तुम्ही कळवलं नाही तर मी कळवीन," सुईणबाई म्हणाली. आवाज बारीक आला, पण आला.

साहेब परत खुर्चीत बसले. मग बोटं मोजत सांगितलं:

"बुधवारी सकाळी सहा ते आठ. पूल दोन तास बंद ठेवायला मी सांगतो. तपासणी दाढीवाला करील. तुम्ही यंत्राला हात लावायचा नाही, आपल्याच कामाची परीक्षा आपण घ्यायची नसते. काही निघालं नाही, तर हा अहवाल विसरायचा, दुसरा आणायचा, मी सही करतो. आणि निघालं..." ते थांबले. "निघालं तर तुमचा शिक्का माझ्याकडे. चौकशी होईल. ती कधी संपेल, ते मी सांगू शकत नाही. आणि या फॉर्मचंही मग मला विचारू नका."

म्हणजे पोट रिकामं निघालं तर पदवीही वाचते आणि शिक्काही. भरलेलं निघालं तर चोवीस वर्षांची भाकरी आणि पाच वर्षांचा अभ्यास एका सकाळी जाणार. आणि हे सगळं तिने स्वतःच मागून घेतलं होतं.

*

बुधवारची सकाळ. दुसरा अंक म्हणा हवं तर. रस्त्याच्या मधोमध एक ट्रक, त्यावर यंत्राच्या हाताने वर चढणारा लोखंडी पाळणा. पुलाच्या दोन्ही टोकांना आडवे दांडे. दांड्यांमागे सकाळपाळीच्या परिचारिका, डबे घेतलेले नातेवाईक, फुलांची टोपली घेतलेली एक बाई. पावलांनी पूल थरथरतो आणि थरथर यंत्राला चालत नाही, म्हणून सगळ्यांना थांबवलेलं.

"अहो, माझी पाळी चुकतेय!" एक परिचारिका वरून ओरडली. "काय शोधताय तिथे? सोनं पुरलंय का?"

"खाली रस्ता ओलांडून जा ना," साहेब खालून ओरडले.

"गाड्यांखाली येऊ? मग तुम्हीच आणून टाका आम्हाला, जवळच आहे रुग्णालय!"

लोक हसले. पाळण्यात उभ्या सुईणबाईला हसू ऐकू आलं, पण कळलं नाही. तिने एकच काम मागून घेतलं होतं. ठोकळा तिच्या हातात होता. पाळणा पुलाच्या पोटाशी लागला तेव्हा तिने तो चौदा नंबरच्या शेजारी, पुलाच्या लोखंडावरच ठेवला आणि घड्याळ बघितलं. अर्धा तास. ठोकळा आणि पूल सारखे गार होईपर्यंत थांबायचं. दाढीवाला अंगठ्याचं नख खात होता.

"सोळा अंश," शेवटी तो म्हणाला. "दोन्ही."

त्याने यंत्र जुळवलं. जेली लावली. प्रोब टेकवला. नागमोडी, हळूहळू, तिनेच शिकवलं होतं तसा. ती मुद्दाम पडद्याकडे पाठ करून उभी राहिली. तिला फक्त प्रोबची जेलीवरची चिकट सरसर ऐकू येत होती. डावीकडून सुरू झाली. मध्ये आली. पुढे गेली. टोकाला पोचली.

रिकामं, रिकामं, रिकामं. ती मनात म्हणत होती. आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलेला शब्द आज स्वतःसाठी मागत होती.

सरसर परत आली. मधोमध थांबली. थोडी मागे, थोडी पुढे. परत थांबली.

दाढीवाल्याचा श्वास बदलला. मग प्रोब उचलल्याचा बारीक आवाज आला आणि तो म्हणाला, "ताई, मला वाटतं... पट्टीच असावी."

तिने वळून त्याच्याकडे बघितलं. पोरगा तिच्या नजरेला नजर देत नव्हता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"किती खोलीवर?"

"ताई, पट्टीच्या जवळच आहे तसं..."

"किती?"

तो प्रोबवरची जेली पुसायला लागला.

"माझ्यावर दया करू नकोस रे," ती म्हणाली. "वर माणसं उभी आहेत. आकडा सांग."

"पट्टीच्या तीन मिलिमीटर वर," तो म्हणाला. डोळे पुसायला हात वर नेला आणि गालाला जेली लागली. "मुळात. लांबी आठ सेंटिमीटर. आणि ताई... तुमच्या अहवालात ही टेकडी नखाएवढी होती. आता ती पडद्याबाहेर जातेय."

पाळणा खाली आला. साहेबांना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी दाढीवाल्याच्या गालावरची जेली बघितली, सुईणबाईचा चेहरा बघितला आणि खिशातून फोन काढून रुग्णालयाला लावला. त्यांचा तो शेवटच्या खुर्चीपर्यंत जाणारा आवाज आज पहिल्या रांगेलाही ऐकू गेला नसता. पूल बंद. आत्तापासून. हो, दुरुस्ती होईपर्यंत. नाही, पाच महिने थांबता येणार नाही.

फोन ठेवून त्यांनी हात पुढे केला.

सुईणबाईने पिशवीतून शिक्का काढला. लाकडी मूठ हाताच्या घामाने काळी पडलेली, तळाला सातचा आकडा. तिने तो त्यांच्या तळव्यावर ठेवला, पण हात लगेच मागे घेतला नाही. मग घेतला.

वरून परिचारिका अजून ओरडत होती, "अहो, सोडताय की नाही?"

"नाही सोडत!" सुईणबाईने वर बघून सांगितलं. "खालून या. मी गाड्या थांबवते."

आणि खरंच, ती रस्त्याच्या मध्ये जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिली. गाड्यांनी भोंगे वाजवले. ती हलली नाही. परिचारिका गेल्या, डबेवाले नातेवाईक गेले, फुलांची टोपली गेली. सगळे पलीकडे पोचल्यावर ती पदपथावर आली, तर साहेब गाडीच्या टपावर कोपर टेकून उभे.

"आणा तो फॉर्म," ते म्हणाले.

"पण साहेब, तुम्ही म्हणाला होतात..."

"म्हणालो होतो. आता काय लपवायचं राहिलंय? आणि कुणीतरी लिहायला हवं ना, हे कसं झालं ते! तुमच्याइतकं बारीक कोण लिहिणार, तुम्ही तर शिंकलेलंही लिहिता." त्यांनी सही ठोकली. एका मुठीत तिचा शिक्का तसाच होता. तो त्यांनी परत दिला नाही.

फॉर्म बुधवारीच कार्यालयात गेला.

चौकशी पुढे आठ महिने चालली. ते आठ महिने सुईणबाईने कंपनीच्या तळघरात जुने अहवाल काढून त्यांतली तापमानं तपासण्यात घालवले. शेजारी दाढीवाला, मध्ये चिकटपट्टीविना टेबल. शिक्का तिला परत मिळाला, पदवीही मिळाली. लेकीच्या आणि तिच्या परीक्षेचा निकाल एकाच आठवड्यात लागला आणि बापाने दोन्ही देशांत चहा वाटला. पण हा खेळ तिथे संपत नाही. तो संपतो तोंडी परीक्षेच्या खोलीत, ती सकाळ उलटून तीन आठवडे झाले होते तेव्हा.

लांबट टेबल, पलीकडे तीन परीक्षक. मधले बाहेरगावाहून आलेले, पांढऱ्या भुवयांचे. त्यांनी तिचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उलटला, बंद केला आणि त्यावर हात ठेवला.

"हा मूळ अहवाल ज्यांनी केला," ते म्हणाले, "त्यांना तेव्हा हा दोष दिसू शकला असता का?"

"दिसला होता, सर. मी त्याला पट्टी म्हटलं."

तिच्या 'मी'वर उजवीकडच्या परीक्षकाने मान वर केली. पांढऱ्या भुवयांनी केली नाही. त्यांनी पेपरला जोडलेल्या जुन्या अहवालावरची तिची सही आधीच वाचली असावी.

"या पदवीत तुम्ही नऊ विषय शिकलात," ते म्हणाले. "उद्या तुम्हाला परत तसाच पूल दिला, तशीच दुपार, तेवढंच ऊन. काय वेगळं कराल?"

सुईणबाईला समीकरण सांगता आलं असतं. कोनाचं, वेगाचं, वजाच्या चिन्हांसकट. लेकीने घोटून घेतलं होतं. तिने पाण्याचा पेला बाजूला सरकवला.

"ठोकळा उन्हात ठेवीन, सर," ती म्हणाली. "आणि मीही त्याच्याबरोबर उन्हातच बसेन."